बंड्याचा फोटो

डॉ. युसराचा शोधनिबंध दुसऱ्यांदा परत आला आणि समोरचा चहा तसाच गार झाला. कुत्र्यांच्या नाकातल्या कॅन्सरवर किरणोपचार करून त्याबद्दल लिहायला तिने वर्षभर जीव ओतला होता. परदेशातल्या मासिकाच्या तपासनिसांचं म्हणणं एवढंच, की गुण आल्याचं भरभरून लिहिलंय, पण साइड इफेक्ट कुठे आहेत? आणि फुलंब्रीच्या बंड्या नावाच्या कुत्र्याचं पुढे काय झालं? हे कळल्याशिवाय निबंध छापणार नव्हते.

तिने बंड्याच्या मालकांना, आप्पासाहेबांना, फोन लावला.

“आप्पा, बंड्या कसाय?”

“एक नंबर! लई मजेत हाय.”

“नाकावर केस आले का? फोटो पाठवा ना, परदेशात छापायचाय.”

“परदेशात? मंग उद्या धाडतो.”

दुसऱ्या दिवशी फोटो आला. काळाभोर कुत्रा, गळ्यात झेंडूचा हार आणि केस तर असे, की तेलाच्या जाहिरातीत शोभावेत. विभागप्रमुख काकासाहेब खुर्चीतून उठलेच.

“लिही! साइड इफेक्ट शून्य. उलट कुत्रा तरुण झाला!”

“सर, बंड्याची शेपूट अर्धी होती. ही चांगली गोल वळलेली आहे.”

“मग शेपटीकडून फोटो काप की.”

युसराला वाटलं, बंड्या गेला असणार आणि डॉक्टरीणबाईंना वाईट वाटू नये म्हणून आप्पा लपवत असणार. खोटं छापणं तिला जमणारं नव्हतं आणि फोनवर विचारायचा धीरही होईना. तिने स्कूटी काढली आणि तडक फुलंब्री गाठली.

तिला दारात पाहून आप्पांचा चेहरा पडला.

“आप्पा, खरं सांगा. बंड्या कधी गेला?”

“गेला? कुठं गेला?” आप्पा दचकून खाटेखाली वाकले. “हितंच तर झोपलाय!”

खाटेखालून बंड्याने डोकं बाहेर काढलं. नाकावर टक्कल, त्याच्या कडेने पांढऱ्या केसांची झालर. युसराला ओळखताच तो अर्धी शेपूट पायात घालून पुन्हा आत घुसला. तिला इतका आनंद झाला, की ती तशीच जमिनीवर बसली आणि आत हात घालून ते टक्कल कुरवाळू लागली.

“मग तो फोटो कुणाचा?”

“शेजारच्या कडुबाचा टायगर,” आप्पा ओशाळून म्हणाले. “परदेशात हे असलं थोबाड कसं दाखवायचं? गावाच्या इज्जतीचा सवाल! त्याला शाम्पू लावून आंघुळ घातली, मॅडम.”

“अहो, हेच थोबाड पाहिजे मला! टक्कल, पांढरे केस, हेच साइड इफेक्ट. आणि एवढं होऊनही जगलाय, हे लिहायचंय!”

ती फोटो काढू लागली. आप्पांच्या पत्नी लक्ष्मीबाई चहा घेऊन बाहेर आल्या.

“यांची खोडच हाय ती,” त्या म्हणाल्या. “सोयरीक जमवताना बी आमच्याकडं धाकल्या भावाचा फोटू धाडला व्हता. मला अंतरपाट बाजूला झाल्यावर कळलं.”

“मग, मावशी?”

लक्ष्मीबाईंनी नवऱ्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. आप्पांनी टकलावरची टोपी सारखी केली.

“मंग काय! साइड इफेक्ट लई निघाले,” त्या म्हणाल्या, “पण टिकलंय आजून. ते बी लिवा.”