गोविंद मास्तरांचे वकीलसाहेब

आमच्या शेजारचे गोविंद मास्तर लोकांनी न केलेल्या भाषणांना टाळ्या वाजवायचे.

वसमतला बलदियेची, म्हणजे निजामाच्या राज्यातल्या नगरपालिकेची, निवडणूक लागली आणि मास्तरांनी एका वकीलसाहेबांना डोक्यावर घेतलं. हे गृहस्थ दोन्ही डगरींवर पाय ठेवून असायचे. मास्तरांची मागणी एकच, गावातला आड सगळ्यांना खुला करा. वेशीबाहेरच्या बायकांना आडाला शिवायची बंदी होती. वरच्या जातीचं कुणी येऊन घागरीत ओतेल तेव्हाच पाणी, तोवर उन्हात ताटकळायचं.

सभेत मास्तरांनी उभं राहून आडाचं विचारलं. "सगळ्यांच्या मताने बघू," वकीलसाहेब म्हणाले आणि खाली बसले. मास्तरांनी एकट्याने कडकडून टाळ्या वाजवल्या.

"यात टाळ्या कशाला?" मी वैतागून विचारलं.

"मनातून तो आपलाच हाय. आत्ता बोलला तर मतं जातील, म्हून दबून राहिला."

वकीलसाहेब एका कर्मठ सावकाराकडे जेवण झोडून आले, तर मास्तरांच्या मते ते सावकाराचं मन वळवून राहिले होते. त्यांच्या खोकल्यातही मास्तरांना निषेध ऐकू यायचा. मत मीही वकीलसाहेबांनाच दिलं, कारण दुसरा उमेदवार त्याहून बिलंदर होता. असल्या मतदानाने माणूस नुसता थकतो.

मास्तर मात्र रोज संध्याकाळी वेशीबाहेर म्हाताऱ्या चंद्राबाईच्या दारात बसून सांगायचे, "आड खुला होऊन राहिला, बघा."

वकीलसाहेब निवडून आले. आड आहे तसाच ठेवायचा ठराव पहिल्याच बैठकीत आला आणि त्यांनीही त्याच्या बाजूने हात वर केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर स्वतःच आडावर पोहरा ओढत होते. दम लागला होता. मला त्यांचा राग आला आणि कीवही. मी दोर धरला. आडाच्या ओट्याखाली चंद्राबाई घागर घेऊन उभी होती.

"चुकलं माझं," मास्तर तिच्याकडे न बघता म्हणाले. "उगी आस लावली तुमाला."

"आमी कुठं आस लावून बसलो व्हतो? वकील काय करनार, ते ठाऊकच व्हतं."

"मंग रोज माझं ऐकत काहून बसायच्या?"

"मालकीनबाई गेल्यापसून तुमाला घरात बोलाया कोन हाय, मास्तर? म्हनलं, बोलू द्यावं."

मास्तरांनी पोहरा ओतला. निम्मं पाणी घागरीबाहेरच सांडलं.

"संध्याकाळी येऊ का?" पोहरा पुन्हा आडात सोडत त्यांनी विचारलं.

"या की," चंद्राबाई म्हणाली. "पन वकिलाचं सोडून दुसरं काई बोला."