कासार बोळाचा जामीन

माघातल्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी साडेनऊ वाजता नांदवणे पोलिसांनी कासार बोळ ताब्यात घेतला आणि ठाण्यात नेऊन बसवला.

बोळाने प्रतिकार केला नाही, अशी पंचनाम्यात नोंद आहे आणि ती खरी आहे. त्र्याहत्तर पावले लांब, साडेचार फूट रुंद आणि मध्यावर एकदाच, पण जोराने, वळणारा असा हा बोळ. तो गेल्यावर दोन्ही बाजूंची घरे साहजिकच एकमेकांना येऊन भिडली. समोरासमोरचे उंबरे जुळले. माझ्या ओसरीतून पाऊल टाकले की ते सरळ तांबटांच्या स्वयंपाकघरात पडे, आणि तेथे त्या वेळी कांदा परतला जात होता. बोळाच्या रहिवासी मंडळाचा चिटणीस या नात्याने मी तांबटवहिनींची क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, "आलाच आहात तर मीठ पाहा."

तक्रार दिगंबर लुकतुके यांची होती. त्यांचे घर बोळाच्या तोंडाशी असून त्याला दुसरे दार मुख्य रस्त्यावर आहे. त्यांची स्कूटर वळणावर तिसऱ्यांदा घासली होती. तपास हवालदार निवृत्ती घोरबांड यांच्याकडे आला. घोरबांड हे 'आपला शेजार, आपला हवालदार' या योजनेखाली गेली दोन वर्षे आमच्याकडे नेमलेले होते. योजनेनुसार हवालदाराने प्रत्येक घरी चहा घ्यावा, प्रत्येकाला नावाने ओळखावे आणि तीन महिन्यांत किमान एक कारवाई करावी. पहिल्या दोन कलमांचे त्यांनी इतके काटेकोर पालन केले होते की तिसरे कलम त्यांना अशक्य होऊन बसले. ज्याच्या घरचे आले-वेलदोडे ठाऊक आहेत, त्याला बेडी कशी घालावी? त्यांनी बावीस घरांचे जबाब घेतले. बावीसही घरांनी स्वतंत्रपणे आणि शपथेवर सांगितले की दोष बोळाचा आहे, तो तेथे वळायलाच नको होता. इतके एकमुखी जबाब हाती असताना आरोपी मोकळा सोडणे हवालदाराला शक्य नव्हते.

आम्हांला याची खंत नव्हती असे नाही. पण खरी घाबरगुंडी उडाली ती द्वारकाबाई कासार यांची. बोळात बांगड्यांचे दुकान त्यांचे एकट्यांचेच. दुकान म्हणजे गळके पत्र्याचे छप्पर आणि त्याखाली एक खोके. त्या खोक्यावर बसून त्यांनी चाळीस वर्षे गावातल्या बायकांचे हात दाबून चुडे चढवले. आता गुडघे खोक्यावरून उठू देत नव्हते. नगरपरिषदेचे परिसर अनुदान यंदा आमच्या बोळाला मिळाले होते आणि त्यातून द्वारकाबाईंना पक्का ओटा आणि छप्पर बांधून द्यायचे ठरले होते. ओटा झाला तर दुकान राहणार होते. न झाला तर त्या जालन्याला पुतण्याकडे जाणार होत्या. पुतण्याने पलंग कोठे टाकायचा तेही ठरवून ठेवले होते.

अनुदानाची अट एकच होती. अभियंत्यांच्या पाहणीच्या वेळी बोळ हजर असला पाहिजे. पाहणी पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी दुपारी बारा वाजता होती.

मी आणि द्वारकाबाई ठाण्यात गेलो. बोळ आवारात, जप्त केलेल्या सायकलींच्या पलीकडे, वळणापाशी दुमडून बसला होता. त्याच्या फरश्यांवर आमच्याकडची रांगोळी तशीच होती. द्वारकाबाईंनी पदराने तिच्यावरचा पाचोळा झटकला.

"निवृत्ती," त्या म्हणाल्या, "याला काही खायला-प्यायला?"

"सकाळी पाणी मारलं, मावशी," घोरबांड उभे राहून म्हणाले. "मारहाण वगैरे काही नाही. साहेबांची सक्त ताकीद आहे."

"मग सोड त्याला. गुरुवारी पाहणी आहे."

"गुन्हा जामीनपात्र आहे. जामीनदार आणा, आत्ता सोडतो."

मी पुढे झालो. घोरबांडांनी माझा पत्ता विचारला. मी सांगितला: घर क्रमांक सात, कासार बोळ. त्यांनी लेखणी खाली ठेवली.

"गुरुजी, कासार बोळ कुठं आहे सध्या?"

मी सायकलींकडे पाहिले.

"म्हणजे तुमचा पत्ता इथलाच झाला," ते खेदाने म्हणाले. "कोठडीच्या पत्त्यावरचा जामीनदार कोर्ट धरत नाही. तुम्ही बावीसच्या बावीस घरं कागदोपत्री आमच्याकडं जमा आहात."

त्यांच्या म्हणण्यात मला दोष काढता येईना. आमच्यात ज्याला स्वतंत्र पत्ता होता असा माणूस एकच: लुकतुके, मुख्य रस्ता.

तक्रारदारानेच आरोपीला जामीन राहावे, हे ऐकायला विपरीत वाटते. पण तसे करू नये असे कायद्यात कोठेही लिहिलेले नाही, हे घोरबांडांनी दोनदा पुस्तक चाळून सांगितले. शिवाय लुकतुके मंगळवारचे राहिले नव्हते. बोळ गेल्यापासून बाहेर पडायला वाट उरली होती ती त्यांच्या दिवाणखान्यातून. मागच्या परसांतून माणसे त्यांच्या घरी येत, 'येऊ का दिगूअण्णा' म्हणत आणि पलीकडच्या दाराने रस्त्यावर जात. दूधवाला उलट्या दिशेने येई. द्वारकाबाईंचे दुकान तर त्यांच्या देवघरालाच येऊन चिकटले होते. लग्नसराई असल्याने दिवसाला तीस-पस्तीस बायका त्यांच्या सतरंजीवर बसून आपली पाळी येण्याची वाट पाहत, पाणी मागत आणि पडद्यांच्या रंगाविषयी मत देत. लुकतुक्यांनी सकाळी सात ते नऊ असे ये-जा करण्याचे वेळापत्रक दारावर लावून पाहिले. बायकांनी ते वाचले आणि अक्षराची तारीफ केली.

"दिगूअण्णा," द्वारकाबाई देवघराच्या दारातून म्हणाल्या, "तुमची स्कूटर घासली, त्याचं मला दुःख आहे. पण माझा ओटा घासू नका."

"मी ओट्याविरुद्ध नाही, मावशी. मी वळणाविरुद्ध आहे."

"वळण नसतं तर बोळ थेट तुमच्या न्हाणीत शिरला असता. तो बिचारा तुमची अब्रू राखून वळला."

हा मुद्दा लुकतुक्यांनी पूर्वी विचारात घेतला नव्हता. ते न्हाणीकडे पाहत राहिले. तेवढ्यात एका मुलीच्या आईने त्यांना विचारले, "काका, हिरव्यात हे बरं की ते?" ते उठले, चप्पल शोधली, ती सापडली नाही, कुणा दुसऱ्याची पायात घातली आणि ठाण्यात जाऊन सही करून आले.

पाहणीच्या आदल्या दिवशी, बुधवारी दुपारी, बोळ घरी आला. उंबरे पुन्हा आपापल्या जागी गेले. तांबटवहिनींनी माझ्या ओसरीत राहिलेली आपली किसणी परत मागून नेली. जामिनाच्या हुकमात मात्र एक अट होती: बोळाने दर गुरुवारी अकरा ते एक ठाण्यात हजेरी द्यावी.

"उद्या बाराला पाहणी आहे," मी घोरबांडांना म्हणालो.

"मला ठाऊक आहे, गुरुजी. पण पहिलीच हजेरी चुकली तर जामीन रद्द. आणि मग दिगूअण्णाही आत."

मी नगरपरिषदेत गेलो. कनिष्ठ अभियंता श्रीमती पाटोळे यांनी माझे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले. तारीख बदलता येत नाही, त्या म्हणाल्या. बदलली की फाइल आपोआप शिंपी आळीकडे जाते, आणि शिंपी आळी आज सकाळपासून दारात बसून आहे. मी दाराकडे पाहिले. ती खरोखरच बसली होती.

"अट काय आहे, पुन्हा वाचा," पाटोळेबाई म्हणाल्या.

"पाहणीच्या वेळी बोळ हजर असला पाहिजे."

"कुठं, ते लिहिलंय?"

"नाही."

"मग उद्या बाराला ठाण्यात भेटू. त्याला म्हणावं, जरा सरळ बस. मोजायला बरं पडतं."

गुरुवारी त्यांनी ठाण्याच्या आवारात टेप लावून बोळ मोजला. वळणापासून चार पावलांवर, डाव्या हाताला, खडूने ओट्याची जागा आखली. काम अभियंत्यांच्या देखरेखीखालीच व्हावे असा नियम असल्याने आणि त्यांना कासार बोळासाठी गुरुवारचीच वेळ मंजूर झाल्याने ओटा ठाण्यातच बांधला गेला. पाच गुरुवार लागले. गवंडी बोळाबरोबर अकराला जाई आणि एकला बोळाबरोबर परत येई. पाणी मारायचे काम, ज्याला सवय होती त्याने, म्हणजे घोरबांडांनी केले. छप्पर चढले त्या दिवशी निरीक्षकांनी नारळ फोडला.

द्वारकाबाई ओट्यावर बसल्या त्या काही केल्या उठेनात. गुडघे दुखत होते म्हणून नव्हे. उठावेसे वाटत नव्हते. जालन्याला त्यांनी पत्र लिहिले की पलंग दुसऱ्या कुणाला द्यावा.

गुरुवारी ओटा बोळाबरोबर ठाण्यात जातो, म्हणून द्वारकाबाईही जातात. पहिल्या आठवड्यात त्यांनी नुसतीच सोबत केली. दुसऱ्या आठवड्यात महिला शिपायांनी हात पुढे केले. आता तक्रार द्यायला आलेल्या सासवा आणि त्यांच्याविरुद्ध तक्रार द्यायला आलेल्या सुना एकाच ओट्यावर बसून चुडा भरून घेतात. पुष्कळदा तक्रार त्यात राहूनच जाते. घोरबांडांच्या वहीत त्याची नोंद 'आपसांत मिटले' अशी होते, ती कारवाईत धरली जाते, आणि तिसरे कलम आता त्यांना जड जात नाही. एवढी गिऱ्हाइके द्वारकाबाईंनी बोळात कधी पाहिली नव्हती. तेवढे दोन तास आम्ही लुकतुक्यांच्या दिवाणखान्यातून ये-जा करतो. त्यांनी दाराला घंटा लावली आहे आणि सतरंजी धुवायला टाकली आहे.

खटला गेल्या आठवड्यात पहिल्यांदा उभा राहिला. मंडळाने नेमलेले वकील उत्साही आणि तरुण आहेत. त्यांनी द्वारकाबाईंना सांगितले की पुरावा अगदीच तकलादू आहे, बोळाचा हेतू सिद्ध होत नाही, आणि न्यायालय त्याला पुढच्या खेपेलाच निर्दोष सोडील. एकदा सुटला की ठाण्याची हजेरी कायमची बंद.

द्वारकाबाईंनी हातातला चुडा खाली ठेवला.

"वकीलसाहेब," त्या म्हणाल्या, "घाई कशाला? सुटका मागू नका. तारीख मागा."