सोळा इंचांवरचा शेवटचा माणूस

आपल्या गाडीला मोठी अलॉय चाकं बसवावीत की नाही, हा लोवेल टॉर्गरसनचा खासगी प्रश्न होता. मिनेसोटातल्या हॅलस्टन गावात तो एप्रिलपर्यंत खासगी राहिलाही. मग बर्फ वितळला, त्याच्या घरासमोरच्या टॅमरॅक मार्गावरचे खड्डे दरवर्षीप्रमाणे उघडे पडले आणि प्रश्न सार्वजनिक झाला.

लोवेल गावातल्या औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट होता. मोजल्याशिवाय कुठलीच गोष्ट मानायची नाही, ही त्याची सवय. शेजारच्या डुएन हाल्वर्सनने गाडीला वीस इंची चाकं बसवली, तेव्हा लोवेल मोजपट्टी घेऊन त्याच्या दारात गेला.

"बघ, बघ! वीस आहेत वीस!" डुएन म्हणाला. "तुझी किती, सोळा? सोळा इंची तर आमच्या घरी पिझ्झाची थाळी आहे."

लोवेलने जमिनीपासून टायरच्या माथ्यापर्यंत मोजलं. मग स्वतःच्या गाडीचं मोजलं.

"डुएन, दोन्हींची उंची सारखीच आहे रे. जेवढा धातू वाढला तेवढं रबर कमी झालं. चप्पल तीच ठेवलीस, तळ तेवढा पातळ केलास."

"हं," डुएन म्हणाला. "वेगळाच विचार आहे तुझा."

हॅलस्टनमध्ये एखाद्याला मूर्ख म्हणायची हीच सभ्य रीत आहे.

डुएनचं बघून निम्म्या गल्लीने चाकं बदलली, आणि नगरपालिकेच्या रस्ते विभागाला एक साक्षात्कार झाला. विभागाच्या व्याख्येनुसार, रस्त्यावरच्या सर्वांत लहान चाकाच्या व्यासाच्या एक चतुर्थांशापेक्षा खोल असेल तोच खड्डा. सर्वांत लहान चाक का, तर दुर्बल घटकांवर अन्याय होऊ नये म्हणून. आणि चाक म्हणजे त्यातला धातू; रबर हा ज्याच्या त्याच्या आवडीचा विषय. टॅमरॅकवरचे खड्डे साडेचार इंच खोल होते. सोळा इंची चाकांच्या काळात ते निःसंशय खड्डे होते. सगळीच चाकं वीस इंची झाली, तर ते 'रस्त्याचे नैसर्गिक चढउतार' ठरणार होते, आणि चढउतारांवर डांबर टाकण्याची तरतूद कुठल्याच नियमात नव्हती.

विभागाने 'चाकवृद्धी अभियान' सुरू केलं. मोफत चाकं, घरपोच. महिनाभरात टॅमरॅक मार्गावर सोळा इंची चाकांची एकच गाडी उरली. ती लोवेलची.

लोवेल हट्टी नव्हता. त्याची आई आर्डिस ब्याऐंशी वर्षांची होती आणि हिवाळ्यात तिच्या खुब्याचा सांधा बदलला होता. व्यायामाला तिला गावाच्या दुसऱ्या टोकाला न्यावं लागे आणि जायला रस्ता टॅमरॅक हाच. प्रत्येक खड्ड्याला आई दाराची मूठ घट्ट धरून म्हणे, "मी ठीक आहे." ती ठीक असली की हवामानाबद्दल बोलते, हे लोवेलला ठाऊक होतं. असेच दणके बसत राहिले तर सांधा निखळेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. उन्हाळ्यात रस्ता दुरुस्त होणार होता, पण खड्डे तोवर खड्डे राहिले तरच. म्हणजे आईचा खुबा आता त्या चार लहान चाकांवर उभा होता.

शेवटी सहायक रस्ते अधिकारी हुसबीबाई स्वतः घरी आल्या. आईने लिंबाचा केक कापला.

"नको, नको, आत्ताच खाऊन आले," हुसबीबाई म्हणाल्या.

"थोडासा तरी."

"खरंच नको."

लोवेलने तिसऱ्यांदा विचारलंच नाही. तुकडा सरळ त्यांच्या बशीत ठेवला आणि हुसबीबाईंनी तो चवीने खाल्ला. दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा घ्यायचं, ही हॅलस्टनची पद्धत. पहिल्याच विचारण्याला हो म्हणणारा बाहेरगावचा समजला जातो.

"आता चाकांचं," हुसबीबाई ओठ पुसत म्हणाल्या. "तुम्हालाही बसवून देतो."

"नको."

"अहो, आम्हाला कसला त्रास? घ्या."

"खरंच नको."

"घ्या हो! सगळ्या गल्लीने घेतली."

"नको," लोवेल तिसऱ्यांदा म्हणाला.

आईच्या हातातला काटा हवेतच थांबला. तिसरा नकार या गावात कुणी ऐकलेला नव्हता. हुसबीबाई क्षणभर गोंधळल्या, मग त्यांचा चेहरा कौतुकाने उजळला.

"किती हा संकोच! उद्या सकाळीच माणसं पाठवते."

"अहो बाई, मी नको म्हणालो!"

"मीही केकला नको म्हणाले होते." त्यांनी रिकामी बशी पुढे केली. "ऐकलंत?"

लोवेलला ओरडता आलं असतं, पण घरी आलेल्या माणसावर ओरडायचं कसं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. उरलेला केक त्याने हुसबीबाईंना बांधून दिला.

सकाळी चाकं बसली. दुपारी कोपऱ्यावर 'खड्डेमुक्त मार्ग' असा फलक लागला. खांब रोवायला कुणाला खणावं लागलं नाही. जागा तयारच होती.

गुरुवारी आईला व्यायामाला नेताना धाडकन आवाज आला. पातळ रबरातून दणका थेट धातूला लागला, धातूतून सीटला आणि सीटमधून आईला. चाक तडकलं. आईने मूठ धरली, पण या वेळी ती काहीच म्हणाली नाही. लोवेलने आधी रुग्णवाहिका बोलावली, मग रस्ते विभागाला फोन लावला.

"गाडी खड्ड्यात आदळली."

"कुठल्या मार्गावर?" हुसबीबाईंनी विचारलं.

"टॅमरॅक."

"तिथे खड्डा नाही."

"अहो, मी त्यात उभा आहे!"

"मग तुम्ही टॅमरॅकवर नसाल," हुसबीबाई मायेने म्हणाल्या. "एकदा पाटी बघून घ्या. आणि केक फारच छान झाला होता, आईंना सांगा."

रुग्णवाहिका आली. शेजारीपाजारी जमले. डुएन तडकलेल्या चाकापाशी उकिडवा बसला आणि हळहळला, "अरेरे! डिझाइन कुठलं रे हे? माझ्यापेक्षा भारी दिसतंय." स्ट्रेचर उचलणाऱ्यांपैकी एकाने आईला आत सरकवता सरकवता तेच विचारलं. दोन दिवसांनी दुकानात खोकल्याचं औषध न्यायला आलेल्या पाद्रीबाबांनीही तेच विचारलं.

चाकं काळी होती, सात आऱ्यांची. तुम्हीही विचारणारच होतात, म्हणून सांगून टाकलं. आईच्या खुब्याचं काय झालं तेही सांगता येईल. कुणी विचारलं तर.