कात्रीवर तोललेला मॉनिटर

ऑफिसातून आलेली ती मेल ड्राफ्ट्समननं तीनदा वाचली आणि तिन्ही वेळा चुकीची वाचली.

मजकूर तसा साधा होता. घरून काम करणाऱ्यांनी आपल्या कामाच्या जागेचा फोटो काढून, सोबतचा फॉर्म भरून दहा दिवसांत पाठवायचा होता. टेबल आहे का, खुर्ची आहे का, मॉनिटर डोळ्यांच्या रेषेत आहे का, असले प्रश्न. तळाशी बारीक अक्षरांत एक टीप होती. ड्रॉइंगच्या कोपऱ्यातली बारीक टीप वाचली नाही म्हणून या माणसानं आजवर अनेकांची खरडपट्टी काढली होती. ही टीप मात्र त्यानं वाचली नाही.

"अगं, परीक्षा घेतायत," तो बायकोला म्हणाला. "सरळ विचारत नाहीत, पण मला कळतं. खुर्ची कोणाला द्यायची ते ठरवतायत."

खुर्ची म्हणजे मुख्य ड्राफ्ट्समनची. पंप बनवणाऱ्या त्या कंपनीत त्याची तेवीस वर्षं गेली होती आणि त्यातली निदान बारा या खुर्चीकडे बघण्यात गेली होती. खिडकीजवळची जागा. मागे वळलं की झाड दिसायचं, पुढे बघितलं की सगळं खातं दिसायचं. तिच्यावर बसलेले गृहस्थ पुढच्या महिन्यात निवृत्त होणार होते. आणि हा, ज्याचा पहिला नंबर, तो दोन वर्षांपासून घरी बायकोच्या कटिंगच्या टेबलाच्या एका टोकाला बसून वॉशरची ड्रॉइंगं काढत होता. बायको कपडे शिवायची. त्याच्या कोपराला टाचण्या टोचायच्या, कीबोर्डात दोरे निघायचे आणि मॉनिटर चार जाड कॅटलॉगांवर उभा असायचा. साहेबांचा फोन आला की नेमकं शिलाई मशीन सुरू व्हायचं आणि साहेब विचारायचे, "तुम्ही रस्त्यावर आहात का?"

"मग फोटो काढा आणि पाठवा," बायको म्हणाली.

"या उकिरड्याचा?"

"माझ्या टेबलाला उकिरडा म्हणायचं नाही. त्याच्यावर घर चाललंय निम्मं."

पण त्याचं मनातून ठरलं होतं. मॉनिटरला आर्म बसवायचा. टेबलाच्या कडेला आवळलेला, कोपरातून वाकणारा तो काळा लोखंडी हात त्यानं साहेबांच्या केबिनमध्ये पाहिला होता. त्याच्यावर मॉनिटर कसा हवेत तरंगत असायचा! असा मॉनिटर ज्याच्या घरी, त्याला खुर्ची नाकारायची कोणाची छाती आहे?

तीन दिवस त्यानं नुसता अभ्यास केला. दोन आर्म पसंतीला उतरले. एक छोटा, हलक्या मॉनिटरसाठी. दुसरा भक्कम, तीन किलोपासून नऊ किलोपर्यंतचा. मग मॉनिटरचं वजन करायचं ठरलं. मॉनिटर छातीशी धरून तो वजनकाट्यावर उभा राहिला, मग नुसता उभा राहिला आणि वजाबाकी केली. साडेचार किलो. त्यानं भक्कम आर्म मागवला. मॉनिटर आर्मवर चढवताना त्याचं स्टँड काढून ठेवतात आणि त्या लोखंडी स्टँडचंच वजन दोन किलो आहे, ही गोष्ट तेव्हा त्याच्या लक्षात आली नाही. आर्म येईपर्यंत त्यानं टेबलाचं, आर्मचं आणि स्वतःच्या मानेचं एक सुरेख ड्रॉइंग काढलं. मापं टाकली, बाण काढले, सही केली. अर्ध्या मिलिमीटरसाठी दुसऱ्यांचे कागद फाडणाऱ्या या गृहस्थांनी टेबलाची जाडी मात्र नुसत्या आठवणीवरून टाकली होती. दोन वर्षं रोज ज्याच्यावर कोपर टेकले त्याला पट्टी काय लावायची?

आर्म आला त्या दिवशी मेहुणाही आला. त्याला बोलावलं नव्हतं. त्याच्याकडे ड्रिल मशीन होतं आणि ते वापरायला मिळेल असा वास त्याला कुठूनही यायचा.

"दाजी, अर्ध्या तासाचं काम," तो म्हणाला.

पाच मिनिटांत कळलं की आर्मचा क्लॅम्प, म्हणजे कड पकडणारा चिमटा, टेबलाला बसत नाही. फळी चार सेंटिमीटरची होती, पण तिच्या खाली कडेनं एक आडवी पट्टी ठोकलेली होती. क्लॅम्पचा जबडा उघडायचा सहा सेंटिमीटर आणि पट्टीसकट कड भरली साडेसात.

"ड्रॉइंगमध्ये पट्टी नाही," मेहुणा कागद उलटासुलटा करत म्हणाला.

"ड्रॉइंगचं राहू दे. आता काय करायचं ते सांग."

"वरून भोक पाडू. आरपार बोल्ट घालू."

"माझ्या टेबलाला भोक पाडलंत तर तुमच्या दोघांच्या डोक्यालाही पाडीन," आतून आवाज आला.

मग तोडगा निघाला. भोक नाही, नुसती खालची पट्टी एक वीतभर कापायची. दिसणारही नाही. बायको गिऱ्हाइकाकडे ब्लाउज द्यायला गेल्याबरोबर मेहुण्यानं करवत चालवली. क्लॅम्प झकास बसला. टेबल मात्र डुगडुगायला लागलं, कारण ती पट्टी शोभेची नव्हती, त्या बाजूचा पाय तिनंच धरून ठेवला होता. मेहुण्यानं आर्मचं खोकं फाडलं, पुठ्ठ्याच्या चार घड्या केल्या आणि पायाखाली सारल्या.

"आता हलेल तर शपथ," तो म्हणाला आणि आर्मला बांधलेली प्लास्टिकची पट्टी कापायला वाकला.

त्या पट्टीवर लाल अक्षरांत लिहिलं होतं की मॉनिटर बसवल्याशिवाय ती कापू नये. पण या घराण्यात सूचना वाचायची पद्धत नव्हती. पट्टी तुटली, आतली स्प्रिंग सुटली आणि आर्म खालून वर असा काही उसळला की मेहुण्याच्या हनुवटीखाली बसला. तो मागच्या मागे कापडांच्या ढिगात जाऊन पडला.

"जोर चांगला आहे, दाजी," जरा वेळानं तो म्हणाला. त्याची जीभ चावली गेली होती.

दोघांनी मिळून आर्म खाली दाबला, मॉनिटर चढवला, स्क्रू आवळले आणि हात सोडला. मॉनिटर क्षणभर डोळ्यांच्या रेषेत थांबला. मग शांतपणे वर निघाला. हातभर वर जाऊन, ट्यूबलाइटखाली उभा राहून तो त्यांच्याकडे बघू लागला.

त्यांनी खाली आणला. तो वर गेला. मेहुण्यानं आर्मसोबत आलेल्या षटकोनी किल्लीनं स्प्रिंगचा स्क्रू सैल केला, तेव्हा तो जरा सावकाश वर गेला. स्क्रू पार शेवटापर्यंत सैल केला, तेव्हा अगदी सावकाश गेला, पण गेला.

"मॉनिटर हलका आहे हो," मेहुणा म्हणाला. "वजन केलं नव्हतं का?"

ड्राफ्ट्समननं कोपऱ्यात पडलेल्या स्टँडकडे पाहिलं आणि मनात पुन्हा वजाबाकी केली. त्यानं दुकानदाराला फोन लावला. दुकानदार भला माणूस निघाला. आर्म बदलून देतो म्हणाला, छोटा पाठवतो म्हणाला. फक्त मूळ खोकं फाटलेलं नको. दोघांनी एकाच वेळी टेबलाच्या पायाकडे बघितलं.

इतक्यात बायको परत आली. तिनं ट्यूबलाइटखालचा मॉनिटर पाहिला, भावाची हनुवटी पाहिली, मग टेबलावर हात ठेवला आणि ते डुगडुगलं.

"काय कापलंत?"

ती खाली वाकली, उठली आणि तिनं नवऱ्याकडे असं बघितलं की त्याला त्या कापडांच्या ढिगात शिरावंसं वाटलं. मग तिनं आपली कटिंगची कात्री उचलली. लोखंडी, जुनी, पाऊण किलोची. मेहुणा दोन पावलं मागे सरला. पण तिनं कात्रीच्या मुठीतून कापडाची एक पट्टी ओवली, मॉनिटर खाली ओढला आणि कात्री त्याच्या पाठीमागे बांधली. मॉनिटर जागच्या जागी उभा राहिला.

"माणसाला वजन नसलं की असं होतं," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

दुसऱ्या दिवशी फोटो निघाला. कापडं पलंगाखाली, मशीनवर चादर, खिडकीत शेजाऱ्यांकडून आणलेली एक कुंडी. कात्री मागे असल्यामुळे समोरून दिसत नव्हती. मॉनिटर असा तरंगत होता की साहेबांच्या केबिनमधला झक मारेल. ड्राफ्ट्समननं फॉर्म भरला. टेबल उत्तम, खुर्ची उत्तम, एकांत उत्तम. 'वरील माहिती खरी असून ती खोटी आढळल्यास मी कारवाईस पात्र राहीन' याच्याखाली त्यानं ड्रॉइंगवर करतो तशी वळणदार सही ठोकली.

तेवढ्यात फोन वाजला. खात्यात सगळे ज्याला 'इस्त्री' म्हणत तो पोरगेला सहकारी होता. घरात टेबलच नसल्यामुळे तो इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून काम करायचा, त्यावरून हे नाव पडलं होतं. काम ड्राफ्ट्समननंच शिकवलं होतं त्याला. हात चांगला होता, म्हणजे नको इतका चांगला होता.

"सर, फोटोचं काय करू? बहिणीकडे चांगलं टेबल आहे. तिथं जाऊन काढू का?"

आपण आता जे करतोय ते बरं नाही, हे ड्राफ्ट्समनला स्वच्छ कळलं होतं. पण बारा वर्षं म्हणजे बारा वर्षं.

"छे छे, खोटेपणा कशाला?" तो म्हणाला. "जे आहे तेच पाठव. प्रामाणिकपणा वाया जात नाही."

"बरं झालं तुम्हाला विचारलं, सर."

फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, "शाबास!"

त्यानंतरचे बारा दिवस ड्राफ्ट्समन फार खुशीत होता. बायकोला कापायला कात्री लागायची तेव्हा ती सोडून न्यायची. मॉनिटर वर निघायचा आणि हा उभा राहून, मान मागे टाकून वॉशर काढायचा. मानेत उसण भरली, पण त्यानं हूं की चूं केलं नाही. महिन्याभराचा तर प्रश्न होता.

तेराव्या दिवशी पत्र आलं. या खेपेला त्यानं ते तळापासून वाचलं आणि वाचत वर गेला. ऑफिस लहान जागेत हलणार होतं. ज्यांची घरी सोय नाही त्यांना प्राधान्यानं ऑफिसात जागा मिळणार होती. 'आपली घरची व्यवस्था आदर्श असल्यामुळे आपणांस कायमस्वरूपी घरून काम करण्यास आनंदाने परवानगी देण्यात येत आहे. आपल्या टेबलातील वस्तू घरपोच पाठवण्यात येतील.' त्यानं धावत जुनी मेल उघडली. तळाची बारीक टीप तिथंच होती. 'ही माहिती ऑफिसातील जागांच्या फेरवाटपासाठी आहे.'

त्यानं ऑफिसात, पत्रावर सही असलेल्या मॅडमना फोन लावला.

"मॅडम, मला तिकडं यायचंय."

"अहो, पण तुमची व्यवस्था बघून साहेब म्हणाले, या माणसाला इथं आणून हाल कशाला करायचे?"

"आणि मुख्य ड्राफ्ट्समनची जागा?"

"ती इथं बसणाऱ्यालाच द्यावी लागते ना, सर. खात्यातून एकच माणूस येतोय. तोच, इस्त्रीच्या टेबलावर बसणारा. फोटो बघून आमच्या डोळ्यांत पाणी आलं हो. तुमची व्यवस्था खरंच फोटोत दिसते तशीच आहे ना?"

"सांगा की कात्रीचं," बायको शेजारून पुटपुटली.

त्याला सांगायचं होतं. शब्द अगदी ओठांवर आले होते. पण फॉर्मच्या खाली ती वळणदार सही होती आणि तिच्या वर 'कारवाईस पात्र' होतं.

"तशीच आहे," तो म्हणाला. तेवीस वर्षं त्या एका वाक्यात गेली. त्यानं फोन ठेवला. बायकोनं चहा केला आणि कधी नव्हे तो टाचण्या बाजूला सारून त्याच्या कोपराशी ठेवला.

पुढच्या महिन्यात एका दुपारी 'इस्त्री'चा फोन आला.

"सर, तुमचे उपकार कसे फेडू? तुम्ही 'जे आहे तेच पाठव' म्हणालात म्हणून मी आज इथं बसलोय. खिडकीजवळ."

"झाड आहे का अजून?"

"इथं नाही, सर. ही नवी जागा. तुमचा फोटो मात्र आहे. साहेबांनी मोठा करून भिंतीवर लावलाय. खाली 'आदर्श' लिहिलंय."

"फोटो लावलाय भिंतीवर," ड्राफ्ट्समन हातानं फोन झाकून बायकोला म्हणाला.

"जिवंतपणीच?" ती म्हणाली. तिला पोलकं बेतायचं होतं. तिनं मॉनिटरच्या मागे हात घालून गाठ सोडली आणि कात्री घेतली.

"सर, एक अडचण होती," पलीकडून 'इस्त्री' सांगत होता. "मलाही मॉनिटरला आर्म दिलाय. पण तो एका जागी थांबतच नाही, आपला वर वर जातो. तुमचा फोटोत कसा स्थिर आहे! म्हटलं तुम्हालाच विचारावं."

ड्राफ्ट्समनच्या डोळ्यांसमोरून मॉनिटर निघाला. काल अर्धवट राहिलेल्या वॉशरसकट तो सावकाश चढत गेला आणि ट्यूबलाइटखाली जाऊन थांबला. ड्राफ्ट्समननं खुर्ची मागे सारली.

"त्याला काही करायचं नसतं," तो म्हणाला. "तो वर गेला की आपण उठून उभं राहायचं."

पलीकडे पेन शोधल्याचा आवाज आला.

"लिहून घेतो, सर," 'इस्त्री' आदरानं म्हणाला.