सोललेले सेल

वक्तृत्व स्पर्धेला निघायला अर्धा तास उरला आणि बाईंच्या कानातलं मशीन बंद पडलं.

बाई निवृत्त मुख्याध्यापिका. ऐकू येईनासं झाल्यापासून त्यांना परीक्षक म्हणून कुणी बोलावलं नव्हतं. आज बऱ्याच वर्षांनी बोलावणं आलं होतं. आज फजिती झाली तर यापुढे आपल्याला फक्त शोकसभांना बोलावतील, असं त्या आठवडाभर म्हणत होत्या.

बाईंचे यजमान निश्चिंत होते. कारखान्यात जन्मभर भांडारपाल असल्यामुळे 'संपलं' हा शब्द त्यांच्या घरात चालत नसे. त्यांनी कपाटातून डबा काढला. गेल्या वर्षी स्वस्तात मिळाले म्हणून घेतलेले कानाचे सेल त्यात ओळीने मांडले होते. पहिला घातला, मशीन ढिम्म. दुसऱ्याची तीच गत, तिसऱ्याचीही.

यजमानांनी चष्मा लावून पाकीट पहिल्यांदाच वाचलं. सेलच्या पाठीवरची चिकटपट्टी काढली की आत हवा जाते आणि सेल चालू होतो. मग तो मशीनमध्ये असो की डब्यात, काही आठवड्यांत संपतो. यजमानांनी डबा उपडा केला; एकाही सेलवर पट्टी नव्हती. बाईंच्या नखांना त्या पट्ट्या निघत नाहीत म्हणून सेल आणले त्याच दिवशी, दुपारची झोप मोडून, त्यांनी चिमट्याने एकूण एक पट्टी सोलून ठेवली होती.

"अहो, काय झालं?"

"सेल मेले सगळे!" यजमान ओरडले. बाईंना ते ऐकू गेलं नाही. वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना गेलं. ते टॉर्चचे दोन सेल घेऊन धावत खाली आले.

"हे कुठे घालू, तिच्या पदरात?" यजमान म्हणाले.

रविवार असल्याने मशीनवाल्याचं दुकान बंद होतं. शेवटी यजमानांनी वर्तमानपत्राच्या कडेला लिहून तोडगा सुचवला. ते पहिल्या रांगेत बसणार. त्यांनी नाक खाजवलं तर भाषण साधारण, कान खाजवला तर बरं, हनुवटीला हात लावला तर पहिला नंबर.

स्पर्धा सुरू झाली. भांडारपालांचा हात मुळात आखडता. नाक खाजवून खाजवून लाल झालं, कानापर्यंत हात दोनदाच गेला. शेवटी एक लहानखुरी मुलगी आली. नमस्कार केला आणि भाषणच विसरली. सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता पसरली. त्या शांततेत यजमानांचा डोळा लागला आणि हनुवटी अलगद तळहातावर टेकली.

बाईंनी त्या मुलीला पहिला नंबर जाहीर केला.

"बाई, पण ती तर..." अध्यक्ष चाचरत म्हणाले.

त्यांचे ओठ हलताना पाहून बाईंनी ध्वनिक्षेपक ओढून घेतला. "परीक्षकाचा निर्णय अंतिम असतो. खाली बसा."

अध्यक्ष बसले. त्यांच्यामागे उभे राहिलेले चार पालकही बसले. निघताना अध्यक्षांनी यजमानांना बाजूला घेतलं. "पुढच्या वर्षीही बाईच हव्यात. निकालावर भांडण न होण्याची ही पहिलीच वेळ."

दुसऱ्या दिवशी नवे सेल आले. यजमानांनी एकाचीच पट्टी काढली, मशीन बाईंच्या कानात बसवलं आणि आधी पुढच्या वर्षीचं आमंत्रण सांगितलं. बाईंचा चेहरा उजळला. मग यजमानांना राहवेना.

"अगं, पण ती मुलगी एक अक्षर बोलली नाही."

"दिसत होतं की. ऐकू येत नाही मला, आंधळी नाही झालेय."

"मग नंबर कसा दिलास?"

"तुम्ही हनुवटीला हात लावलात म्हणून. उभ्या आयुष्यात माझ्या स्वयंपाकाला उत्तम म्हणाला नाहीत तुम्ही. म्हटलं, माझ्या डोळ्यांपेक्षा यांची पारख खरी. ज्या अर्थी हे देतायत, त्या अर्थी पोरीत काहीतरी असणार." बाई कौतुकाने त्यांच्याकडे बघत होत्या. "काय दिसलं हो तुम्हाला तिच्यात?"

यजमानांनी बराच विचार केला.

"फार शांत वाटलं," ते म्हणाले.