आचारीकाकांचं घर सुधारलं

म्हाताऱ्या माणसाची घरी नीट काळजी घेतली जाते की नाही, हे मी दारातूनच सांगतो! बेल वाजल्यावर दार उघडायला किती वेळ लागला, आतून वास कसला येतोय, एवढं मला पुरतं. वृद्धांच्या घरी मदतनीस बाया पाठवणाऱ्या संस्थांची तपासणी आमचं कार्यालय करतं, आणि त्या कामात माझा हात धरणारा कोणी नाही. हे मी म्हणत नाही, आमचे साहेब म्हणतात. म्हणजे, म्हणायचे.

माझं एक खास तत्त्व होतं. म्हातारी माणसं तपासनिसासमोर खरं बोलत नाहीत. ‘बाई फार चांगली आहे हो,’ असं आजोबा म्हणाले की समजायचं, आजोबा घाबरलेत. आज तक्रार केली तर उद्या हीच बाई आंघोळीचं पाणी कढत काढणार, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. म्हणून कौतुक जितकं जास्त, तितके माझे गुण कमी. या तत्त्वावर मी कित्येक बायांची उचलबांगडी केली होती.

आचारीकाकांच्या घरच्या बाईबद्दलची तक्रार त्यांच्या मुलाने केली होती. काका एका कारखान्याच्या कँटीनमध्ये जन्मभर आचारी होते. आता गुडघे कुरकुरणारे, हात जरा थरथरणारे, बायको वारलेली, मुलगा दूरच्या शहरात. मुलाने एकदा व्हिडिओ कॉल केला, तर वडील बटाटे सोलत बसलेत आणि मागे सोफ्यावर मदतनीस बाई तोंड उघडं टाकून झोपलीय! मुलगा हादरला. बाबांना आराम मिळावा म्हणून तर बाई ठेवली होती.

मी न कळवता गेलो. दार काकांनीच उघडलं. एका हातात काठी, दुसऱ्या हातात झारा, कमरेला एप्रन. मी कोण, कुठला, हे सांगायला तोंड उघडलं, तर म्हणाले, आधी आत या, कांदा करपेल. आत कुठेतरी मिक्सर चालू होता. जवळ जाऊन पाहिलं तर तो मिक्सर नव्हता, बाई होती. अंगावर शाल घेऊन घोरत होती, आणि शालही काकांचीच!

“कामाच्या वेळेत झोपतात या?”

“रोज,” काका कौतुकाने म्हणाले. “सकाळी दुसऱ्या घरचं काम उरकून येते. दमते बिचारी. फार चांगली आहे हो.”

आलं की नाही ते वाक्य! मी मनातल्या मनात गुण कापायला सुरुवात केली.

काकांनी वाटीत गरम रस्सा घालून माझ्या हातात दिला आणि मीठ कसं आहे ते विचारलं. मी सवयीने छान म्हणालो. काका भडकले. छान काय छान, मीठ सांगा मीठ! त्या आवाजाने बाई जागी झाली, डोळे चोळत आली, माझ्याच वाटीत चमचा बुडवून चाखला आणि म्हणाली, “कमी आहे.”

झालं! मग काका असे सुटले, की मला आधी वाटलं आता रक्तपात होतो. चारशे माणसांचा स्वयंपाक केलेला माणूस मी, तुझ्या जिभेला काय कळतंय, वगैरे वगैरे. बाईही काही कमी नव्हती. कालच्या वरणापासून परवाच्या खिरीपर्यंत तिने सगळा हिशेब चुकता केला. मी कर्तव्य म्हणून मध्ये पडलो, आणि झाऱ्यातला रस्सा माझ्या शर्टावर पडला. काकांचा तोल जाईल म्हणून मी त्यांचा दंड धरला. ते तोवर व्यवस्थित उभे होते. मी धरल्यावर आम्ही दोघेही कांद्याच्या टोपलीत बसलो.

मी बसल्याबसल्याच काकांना हात द्यायला लागलो, तर बाई जागची न हलता म्हणाली, सोडा त्यांना, उठतात ते. आणि काका खरंच ओटा धरून उठले. मला मात्र काकांनी उठवलं.

मी शर्ट झटकत चौकशी सुरू केली. औषधं कोण देतं? बाई म्हणाली, काकांना विचारा. आंघोळ? काकांना विचारा. बाजारहाट? तेही काकांनाच विचारायचं!

“मग तुम्ही करता काय या घरात?”

तिने प्रामाणिकपणे विचार केला. “जेवते. मीठ सांगते. मला काम नको असतं, त्यांना हवं असतं. जमतं आमचं.”

इतकी निर्लज्ज कबुली माझ्या सगळ्या नोकरीत मी ऐकली नव्हती. निघताना काका काठी टेकत दारापर्यंत आले आणि त्यांनी माझी बाही धरली.

“साहेब, हिला काढू नका. आधीची बाई मला खुर्चीतून उठू द्यायची नाही. पाणीसुद्धा तोंडाशी आणायची. ही आळशी आली आणि मी परत ओट्यापाशी उभा राहिलो. ही गेली तर मी पुन्हा खुर्चीत.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. केवढी ही दहशत! म्हातारा माणूस बाहेर अनोळखी माणसाची बाही धरून कौतुक करतोय, म्हणजे आत काय काय सोसत असेल! त्या दिवशी मी बाईला शून्य दिलं. संस्थेने तिला कामावरूनच काढलं आणि त्या घरासाठी माझ्या पसंतीची बाई पाठवली. मुलाने मला फोन करून मनापासून आभार मानले. साहेबांनी तर बैठकीत सगळ्यांसमोर पाठ थोपटली!

काही आठवड्यांनी फेरतपासणीला गेलो. बेल वाजवली, क्षणात दार उघडलं. घर लखलखीत, फरशीत तोंड बघावं. ओट्यावर एक भांडं नाही, कांद्याची टोपली नाही. काका खिडकीपाशी खुर्चीत. दाढी केलेली, नखं कापलेली, गळ्याला रुमाल. नवी बाई त्यांना चमच्याने सूप भरवत होती.

काकांना कसं वाटतंय, असं मी विचारलं. “आम्ही अगदी मजेत आहोत,” बाई म्हणाली. औषधं वेळेवर? आम्ही सगळी घेतो. स्वयंपाकघरात जाता का काका? तिथे चाकू असतात, आम्ही नाही जात. काठी कुठे दिसत नव्हती. आता तिची गरजच पडत नाही, असं तिने आनंदाने सांगितलं.

काकांनी बाईचं कौतुक केलं नाही, तक्रारही केली नाही. माझ्या तत्त्वात असल्या माणसासाठी काही सोयच नव्हती. बाहेर जाऊन मी तिथूनच साहेबांना फोन केला की या घरची बाई बदलायला हवी. साहेबांनी कारण विचारलं. मी म्हणालो, सेवा फार चांगली आहे. साहेबांनी माझ्या तब्येतीची चौकशी केली.

परत आत आलो. बाई औषध आणायला आतल्या खोलीत गेली होती. मी काकांच्या वाटीतलं सूप चमचाभर चाखलं. मीठ नावालाही नव्हतं! मला आशा वाटली. आता म्हातारा भडकणार, झारा मागणार, माझ्या शर्टाची वाट लावणार. मी मुद्दाम मोठ्याने म्हणालो, “काका, यात मीठच नाही.”

काकांनी माझ्याकडे पाहिलं. हात मांडीवर तसेच होते.

“बाईंना विचारा,” ते म्हणाले.

मला राहवेना. मी स्वयंपाकघरात घुसलो, डबे धुंडाळून चिमूटभर मीठ आणलं आणि त्यांच्या वाटीत टाकलं. नेमकी तेव्हाच बाई आली. रक्तदाब असलेल्या माणसाच्या सूपमध्ये तपासनीस मीठ घालतोय! तिने ते सूप मोरीत ओतलं आणि संस्थेला फोन लावला. ती नियमाने बरोबर होती. रक्तदाबवाल्यांना बिनमिठाचं, हा नियम मीच बसवलेला आहे.

त्या घराला मला पैकीच्या पैकी गुण द्यावे लागले. मुलाने पुन्हा आभार मानले. तपासणीत तक्रार एकच निघाली, ती माझ्याविरुद्ध.