सुक्यातलं पाणी

आमच्या भाऊजींना नुसतं "दोन" म्हटलेलं चालत नसे. जेवायला बसल्यावर मी विचारायची, "अजून किती वाढू?" आमचे हे म्हणायचे, "दोन वाढ." की भाऊजींचा हात घासासकट हवेत थांबायचा.

"दोन काय?"

"पोळ्या, भाऊजी! दुसरं काय?"

"मग तसं म्हणावं. दोन म्हशीही असू शकतात."

भाऊजी म्हणजे ह्यांचे धाकटे भाऊ. चिंचणीच्या शाळेत विज्ञान शिकवायचे आणि आमच्याकडेच राहायचे, कारण लग्न झालेलं नव्हतं. एक स्थळ पालघरला पाहिलं होतं. मुलीचे वडील म्हणाले, "मुलगी साधारण पाच फूट आहे." भाऊजी म्हणाले, "साधारण म्हणजे?" आणि त्यांनी खिशातून टेप काढली. मोजायची वेळ आलीच नाही. पोहे अर्धे टाकून आम्ही उठलो आणि परतीच्या एस.टी.त मी पदर डोळ्यांपर्यंत ओढून बसले. मला कामाची यादी करून दिवस काढायची सवय. पण भाऊजी बरोबर असले की काय काय घडू शकेल याची यादी कधी पुरी व्हायची नाही.

साठ सालानंतरची ती वर्षं. शेर आणि मण जाऊन किलो आणि ग्रॅम आले होते. गावाची डोकी गरगरत होती आणि भाऊजी मात्र घरात लग्न निघाल्यासारखे फिरत होते. स्वतःच्या पैशाने त्यांनी स्प्रिंगचा काटा आणला. खाली अडकवायला हूक, मध्ये पितळी पट्टी, वर धरायला कडी. हा काटा शबनम पिशवीत घालून ते बाहेर पडत. शाळेत मुलांनी नाव ठेवलं ग्रॅममास्तर. त्यांना ते आवडलं. "मिलिग्रॅममास्तर म्हणाली असती तर अपमान होता," म्हणाले.

पाठ्यपुस्तकातले पहिले दोन-तीन धडे त्यांच्या जिभेवर कायमचे बसले होते. ओटीवर कोणी पाहुणा लोळत असला की म्हणत, "हाही पदार्थच. जागा व्यापतो, वजन आहे." मी चिडून भांडी आपटली की म्हणत, "वहिनी, ऊर्जा नाहीशी होत नाही. आत्ता तुमच्यातून भांड्यांत गेली." आणि घरात काहीही हरवलं, किल्ली, वाटी, ह्यांचा चष्मा, की त्यांचं एकच वाक्य: "जाईल कुठे? वस्तू नाहीशी होत नाही. असेलच." चष्मा शोधायला मात्र उठत नसत.

या सगळ्याला पुरून उरायची ती एकच बाई, नवापूरची जानकीबाई. दर रविवारी चिंचणीच्या बाजारात चिंचेखाली तिची टोपली असायची. आमच्याकडे मासळी वाट्यावर विकतात. कोळीण ढीग लावते, तो एक वाटा. घ्यायचा तर घ्या. भाऊजी त्या ढिगासमोर उकिडवे बसत आणि काटा काढत.

"हा वाटा किती ग्रॅम, जानकीबाई?"

"मास्तर, म्हावरं वाट्यावर मिलतं, ग्रॅमावर नाय. तुमी पोरांना ग्रॅम शिकवा, मी तुमाला म्हावरं शिकवते."

"शेजारच्या वाट्यापेक्षा हा बेचाळीस ग्रॅम कमी आहे."

"मंग शेजारचा घ्या! तो काय तुमची वाट बघून रडतो हाय?"

"प्रश्न तत्त्वाचा आहे."

"तुमच्या तत्त्वाला कालवण कोण घालनार? बायको हाय कुठं?"

आजूबाजूच्या बायका हसायच्या. मी दोन दुकानं पलीकडे जाऊन कांदे निवडत असल्याचं सोंग करायची. अर्धा अर्धा तास हे चाले.

पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही बेगमी करतो. सुके बोंबील, सुकट, खारं. त्या रविवारी भाऊजींनी जानकीबाईकडून सुके बोंबील घेतले, स्वतःच्या काट्यावर तोलून, बरोबर एक किलो. तिने ते कागदात बांधून दिले. घरी आल्यावर मी म्हटलं, "भाऊजी, डब्यात भरायच्या आधी ऊन द्यायला हवं. तुम्ही बसा राखायला."

ते बसले. हातात काठी आणि डोक्यावर छत्री. दुपारपर्यंत एक कावळा जवळ आला नाही. मग आपली सवय म्हणून त्यांनी बोंबील पुन्हा तोलले. आठशे साठ ग्रॅम.

घरात चौकशी बसली. मी खाल्ले का? नाही. ह्यांनी? हे झोपले होते. राहिली मांजर. भाऊजींनी मांजरीला पिशवीत घालून काट्याला अडकवलं. वजन कळायच्या आत पिशवी फाटली आणि भाऊजींच्या हातावर चार ओरखडे उठले. तरी ते म्हणाले, "हिने खाल्लेले नाहीत. एकशे चाळीस ग्रॅम खाल्लेलं जनावर इतकं चपळ राहत नाही." मग काठी टेकवून उभे राहिले. "बांधताना काढले, वहिनी. बांधताना माझी पाठ होती."

मी अडवलं. "सोडून द्या. मूठभर बोंबील ते काय!" पण ते निघाले, आणि मी मागून धावले.

बाजार उठायच्या बेतात होता. भाऊजींनी चिंचेखाली उभं राहून वर्गात विचारतात तशा आवाजात विचारलं, "जानकीबाई, माझे एकशे चाळीस ग्रॅम कुठे गेले?"

ती हसली. तिला वाटलं, नेहमीचंच. "समुद्रात गेले, पोहायला."

"तुम्ही बांधताना काढले."

हसू तिथल्या तिथे विझलं. गावाजवळच्या नव्या वीजप्रकल्पाच्या वसाहतीतल्या दोन बाया भाव करत होत्या, त्यांनी हातातली मासळी खाली ठेवली. त्या वसाहतीत जानकीबाई आठवडाभर घरोघर जायची. तिचा सगळा धंदा बोलण्यावर आणि इमानावर.

"मी चोर हाय, मास्तर?" ती हळूच म्हणाली.

"आकडा खोटं बोलत नाही."

तिने डोक्यावर चुंबळ ठेवली, टोपली चढवली आणि आमच्याकडे न बघता निघून गेली. मला धरणी दुभंगावी असं झालं. परत येताना भाऊजी पुढे, मी दहा हात मागे.

पुरावा म्हणून त्यांनी ते बोंबील जाळीच्या पिशवीत घालून ओटीवरच काट्याला टांगून ठेवले. सकाळी मी सडा घालायला बाहेर आले तर हवा समुद्राकडून येत होती, दमट, हाताला चिकटणारी. भाऊजी काट्यासमोर उभे होते. पितळी पट्टीवरची सुई किलोच्या जवळ गेली होती.

"वहिनी, यात कोणी भर घातली?"

"सुक्या बोंबलांत कोण भर घालेल?"

त्यांनी एक बोंबील बोटाने चेपून पाहिला. "सुके म्हटले म्हणून मी विचारच केला नाही," ते म्हणाले. "सुक्यातही पाणी असतं. उन्हात जातं, रात्री परत येतं. दर वर्षी फळ्यावर शिकवतो मी हे."

चहा त्यांनी घेतला नाही.

तो आठवडा घरात कोणी "दोन काय?" विचारलं नाही. भाऊजी शाळेला बाजाराचा रस्ता सोडून मागच्या वाडीतून जायचे. वसाहतीतून बातमी आली की तिथल्या बाया आता जानकीबाईला म्हणतात, समोर बांध, आम्हाला दिसेल असं. भाऊजींनी ते ऐकलं आणि ताटावरून उठले. नंतर माझ्याकडे आले. "वहिनी, तुम्ही तिला सांगाल?"

"सगळ्या बाजारादेखत बोललात तुम्ही, भाऊजी. सांगायचंही तुम्हीच, तिथेच."

पुढच्या रविवारी भल्या पहाटे भाऊजी तेच बोंबील घेऊन बाजारात गेले. चिंचेच्या बाहेरच्या फांदीला, जिथे सावली नाही तिथे, काटा बांधला. येणाऱ्या प्रत्येकाला बोलावून आकडा वाचायला लावला: जवळजवळ किलो. त्या वसाहतीतल्या बायांनाही. मग स्वतः उन्हात उभे राहिले, छत्रीशिवाय. लोक हसत होते. कोणी म्हणालं, "मास्तर बोंबलांबरोबर सुकतायत!" मला घरी पळून जावंसं वाटत होतं, पण पाय निघेना. जानकीबाई पाठ करून विकत बसली होती.

दुपारी त्यांनी पुन्हा सगळ्यांना वाचायला लावलं. पावणेनऊशेच्याही खाली. "बघा," ते म्हणाले. "कोणी हात लावला नाही. हे पाणी गेलं. मागच्या वेळीही पाणीच गेलं होतं. जानकीबाईंनी काही काढलं नव्हतं. मी विज्ञान शिकवतो आणि मी त्यांना चोर म्हटलं."

जानकीबाईने मान वळवली नाही. टोपलीतली मासळी सारखी करत ती म्हणाली, "मास्तर, एवढं ऊन खाल्लंत. मला येऊन एक शब्द बोलला असता तं चाललं असतं."

भाऊजींनी काटा सोडला आणि घरी आले. खुंटीला अडकवला तो अडकवलाच.

त्यानंतरच्या रविवारी ते रिकाम्या हाताने निघाले. मी पिशवी घेऊन मागे. चिंचेखाली जाऊन त्यांनी एका वाट्याकडे बोट दाखवलं. "हा द्या."

जानकीबाईने त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. "काटा कुठं हाय?"

"घरी."

"का?"

"लागत नाही आता."

"मंग मी भांडू कोनाशी दिसभर? ह्या बायांशी? ह्यांना काय येतं?" तिने वाट्यावर हात ठेवला. "काटा आना, तवा म्हावरं. जा."

भाऊजी माझ्याकडे वळले. चेहरा शाळेत पहिल्यांदा बक्षीस मिळालेल्या मुलासारखा झाला होता. चाळिशी उलटलेला तो माणूस, धोतराचा सोगा हातात धरून, भर बाजारातून घराकडे धावत सुटला. लोक बघत होते. मीही त्या लोकांकडे पाहिलं आणि या वेळी कांदे निवडायचं सोंग केलं नाही. मग घरी जाऊन स्वयंपाकाला लागले.

भाऊजी बाजारातून परत आले तेव्हा ऊन बरंच चढलं होतं. एका हातात मासळीची पिशवी, दुसऱ्या हातात काटा. माझा वाटणाचा अंदाज चुकायला नको म्हणून मी विचारलं, "किती भरलं, भाऊजी?"

ते उंबऱ्यातच थांबले. काट्याकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं.

"तोलायचं राहूनच गेलं, वहिनी," ते म्हणाले. "बोलण्यात."